नव्या फोनचा ‘स्टॉक नाही’: सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

नवा स्मार्टफोन बाजारात आला, जाहिराती झळकल्या आणि दुकानात मात्र माल नाही, या तक्रारीची पत्रे प्रत्येक मोठ्या लाँचनंतर येतात. यावेळी त्यातली निवडक पत्रे एकत्र घेतली आहेत. दुकानांची आणि कंपन्यांची नावे पत्रांतून गाळली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. माल कमी असणे हा गुन्हा नाही. त्या टंचाईचा फायदा घेऊन तुमच्या गळ्यात काही मारले जाते, तुमचे पैसे अडकवले जातात किंवा बिल नाकारले जाते, तिथे तुमचा हक्क सुरू होतो. बहुतेक पत्रलेखक भांडतात पहिल्या गोष्टीवर आणि सोडून देतात दुसरी.

प्रश्न : सात रस्त्याला भलंमोठं होर्डिंग लागलं. लाँचच्या दिवशी नवी पेठेतल्या दुकानापुढे शटर उघडायच्या आधीपासून वीसेक जण रांगेत. आत गेल्यावर सांगितलं, ‘आठ पीस आलेत, सहा बुकिंगचे, दोन राहिलेत, तेही पांढरे.’ दुकानदार माल दडवतात की कंपनीच पाठवत नाही? (जुळे सोलापूर)

उत्तर : दोन्ही घडते, पण लाँचच्या आठवड्यात दोष बहुतेकदा वरच्या टोकाचा असतो.

माल कंपनीकडून मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून जिल्ह्याच्या डिस्ट्रिब्युटरकडे आणि मग दुकानात येतो. कुठल्या दुकानाला किती पीस द्यायचे हे मागणीवर ठरत नाही, मागच्या विक्रीवर ठरते. त्या कंपनीचे, त्याच किमतीच्या पट्ट्यातले किती फोन त्या दुकानाने आधीच्या महिन्यांत विकले, हे पाहून वाटप होते. म्हणजे महागडे मॉडेल ज्या शहरात आधी कमी खपले, त्या शहराला नवे महागडे मॉडेलही कमीच मिळते. पुण्यातल्या मोठ्या शोरूमला खोके भरून माल जातो आणि नवी पेठेत आठ पीस येतात, ते यामुळे.

आता त्या आठ पिसांचा हिशेब करा. मॉडेल एकच, पण स्टोरेजचे ३ प्रकार आणि रंग ४ असतील तर व्हेरिएंट झाले १२. आठ पिसांत प्रत्येकाचा एकेक नगसुद्धा बसत नाही. दुकानदाराला रंग निवडता येतोच असे नाही. वरून जे मिक्स येईल ते उतरवून घ्यावे लागते. काळा, २५६ जीबीवालाच हवा असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार ‘स्टॉक नाही’ म्हणतो तेव्हा तो अनेकदा खरेच बोलत असतो.

मुळात कंपनी कमी का बनवते? चिप, डिस्प्ले, कॅमेऱ्याचा सेन्सर यांच्या ऑर्डरी कित्येक महिने आधी द्याव्या लागतात, म्हणजे आकडा अंदाजानेच ठरतो. अंदाज जास्त झाला तर माल पडून राहतो आणि फोनची किंमत काही महिन्यांतच उतरते. त्यामुळे कंपन्या कमी बनवण्याच्या बाजूने चुकणे पसंत करतात. भाग नवा असेल तर सुरुवातीला कारखान्यात चांगले नग कमी निघतात. कधी कारखानाच अडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमधल्या झेंगझोऊ इथे कोविड निर्बंधांमुळे आयफोन १४ प्रोचे उत्पादन घटले आणि गिऱ्हाइकांना जास्त थांबावे लागेल, असे अ‍ॅपलने स्वतः जाहीर केले होते.

पण तुमचा संशय अगदीच निराधार नाही. शाओमीने जुलै २०१४ मध्ये फ्लिपकार्टवर एमआय ३ हा फोन फ्लॅश सेलने, म्हणजे ठरलेल्या वेळी मोजकाच माल काढून विकला. त्याच वर्षी डिसेंबरात वनप्लस वन अ‍ॅमेझॉनवर ‘इन्व्हाइट’ म्हणजे निमंत्रण असलेल्यांनाच मिळत होता. नव्या कंपनीला थोडा थोडा माल बनवून विकणे परवडते, भांडवल अडकत नाही, आणि ‘क्षणात संपला’ ही फुकटची जाहिरात होते. ती सवय बाजारातून पुरती गेलेली नाही.

दुकानदार दडवतो आहे का, हे ओळखायला काउंटरवर एकच प्रश्न विचारा : ‘रोख पैसे देऊन, सोबत काही न घेता, हा व्हेरिएंट कधी मिळेल?’ उत्तर ‘पुढच्या लॉटला, नंबर लावून घ्या’ असे आले तर माल खरेच नाही. ‘फायनान्सवर घेतलात तर आत्ता बघतो’ किंवा ‘जुना फोन एक्स्चेंजला दिलात तर होईल’ असे आले तर पीस आत आहे. फायनान्स आणि एक्स्चेंजमध्ये दुकानाला वेगळे कमिशन सुटते, म्हणून पीस त्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेला असतो.

होर्डिंगबद्दल. केंद्र सरकारने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर वेगळे कलम आहे. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असेल असा अंदाज असेल तर साठा मर्यादित आहे हे जाहिरातीत स्पष्ट सांगावे लागते. ठरावीक भागातच माल मिळणार असेल तर तेही लपवता येत नाही. होर्डिंगचा फोटो काढा, तळाची बारीक अक्षरे वाचता येतील असा. तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते. ते १० लाखांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत. मात्र त्या तक्रारीतून तुम्हाला फोन मिळेल अशी आशा धरू नका. ती पुढच्या होर्डिंगसाठी असते.

प्रश्न : २,००० रुपये टोकन दिलं. कागदावर फक्त ‘२०००/- ॲड.’ आणि शिक्का. तारीख उलटून पंधरा दिवस झाले. पैसे मागितले तर म्हणतात, ‘दुसरं मॉडेल घ्या, त्यात वळते करून देतो.’ (होटगी रोड)

उत्तर : दुसरे मॉडेल घेण्याची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. ‘टोकन परत मिळणार नाही’ असे पावतीवर छापलेले असले तरी ते फार तर तुम्ही मागे फिरलात तर लागू होईल. माल दुकानदारच देऊ शकला नाही, तर त्या ओळीचा आधार लंगडा आहे.

तोंडी हेलपाटे आजपासून बंद करा. दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर एक मेसेज पाठवा, साधारण असा :

‘दि. … रोजी आपल्या दुकानात … हा फोन, २५६ जीबी, काळा रंग, यासाठी २,००० रुपये टोकन दिले होते. आपण सांगितलेल्या तारखेला फोन मिळाला नाही. मी बुकिंग रद्द करत आहे. ही रक्कम ७ दिवसांत परत करावी.’

यूपीआयने पैसे दिले असतील तर व्यवहार क्रमांक टाका. रोख दिले असतील तर ‘रोख दिले होते’ असे मुद्दाम लिहा. त्यावर दुकानदार ‘हो, दोन दिवसांत बघतो’ एवढे जरी उत्तर देऊन बसला, तरी त्याने पैसे घेतल्याची कबुली तुमच्या हातात आली. शिक्क्याच्या कागदापेक्षा ती जास्त कामाची. मेसेज डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

सात दिवसांत हालचाल नसेल तर हाच मजकूर कागदावर, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येते. ८८००००१९१५ या व्हॉट्सॲप क्रमांकावरही तक्रार घेतात. हेल्पलाइन निकाल देत नाही, दुसऱ्या बाजूला विचारणा करते. तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी कुठलीही असो, तुमची तक्रार सोलापुरात चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. दोन हजारांसाठी आयोगाच्या तारखा कोण करणार, असे दुकानदाराला वाटत असते. स्पीड पोस्टाचे पाकीट काउंटरवर पडले की ते वाटणे बरेच कमी होते.

पुढच्या वेळी टोकन देताना पावतीवर एवढे लिहून घ्या : दुकानाचे नाव आणि जीएसटी क्रमांक, तारीख, मॉडेल, रॅम, स्टोरेज, रंग, ठरलेली किंमत, बँकेची सूट धरली आहे की नाही, फोन देण्याची तारीख, आणि ‘या तारखेला न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत’. किंमत लिहायची राहिली तर लाँचची ऑफर संपल्यावर दुकानदार वाढीव भाव लावतो, तो वाद सर्वांत चिवट. टोकनचे जीएसटी बिल मात्र मागत बसू नका. वस्तूंच्या आगाऊ रकमेवर दुकानदाराला जीएसटी भरावा लागत नाही. टॅक्स बिल फोन देतानाच बनते. टोकनला पावती पुरते.

प्रश्न : दुपारी १२ चा ऑनलाइन सेल. कार्टमध्ये फोन आला, पैसे भरेपर्यंत ‘आउट ऑफ स्टॉक’. पुढच्या सेलला पैसे कापले गेले, पण ऑर्डरच नाही! (अक्कलकोट)

उत्तर : फोन कार्टमध्ये आला म्हणजे तो तुमच्या नावावर राखला गेला, असे बहुतेक साइटवर नसते. पैसे पोचले आणि ऑर्डर क्रमांक पडला की मगच नग वजा होतो. त्यामुळे शर्यत बटणाची नाही, पैसे भरण्याची आहे, आणि ती आदल्या दिवशीच निम्मी जिंकावी लागते.

आधी पत्ता. अक्कलकोटचा पिनकोड ४१३२१६ टाकून त्या वस्तूची डिलिव्हरी दाखवते का, ते सेलच्या आदल्या रात्री पाहा. काही विक्रेते सोलापूर शहराच्या ४१३००१ ला देतात आणि तालुक्याला नाही. तसे असेल तर शहरातल्या पाहुण्यांचा पत्ता डिफॉल्ट करून ठेवा, पण डिलिव्हरीचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येईल, हे त्यांना सांगून ठेवा. नाहीतर कुरिअरवाला दारातून परत जातो. एक्स्चेंजची सूट घेणार असाल तर पत्ता बदलू नका. जुना फोन जिथे द्यायचा तिथेच नवा येतो.

मग पैसे. दुकानदाराला यूपीआयने एका वेळी सर्वसाधारणपणे १ लाखापर्यंतच देता येतात, आणि काही बँकांची मर्यादा त्याहून कमी असते. सव्वा लाखाचा फोन यूपीआयने घ्यायला बसलात तर तिथेच अडकाल. नव्या हँडसेटवर किंवा नव्या सिमवर यूपीआय नुकतेच सुरू केले असेल तर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. हे अनेकांना ऐन सेलमध्ये कळते. कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये ‘ऑनलाइन व्यवहार’ चालू आहे का आणि त्याची दिवसाची मर्यादा किती, ते बघा. ऑक्टोबर २०२२ पासून साइटना तुमचा कार्ड क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन म्हणजे बदली सांकेतिक क्रमांक साठवला जातो. म्हणून कार्ड आधीच ‘सेव्ह’ करून एक किरकोळ खरेदी करून पाहा, मोबाईल रिचार्जसुद्धा चालेल. ऐन वेळी सोळा आकडे टाइप करणारा माणूस हरतो.

ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम रेंजमध्ये हवे. घरात रेंज नसेल तर गच्चीवर बसा, यात लाज कसली. सेलच्या वेळी रांगेचे पान आले तर रिफ्रेश करू नका, जागा जाते. एकच खाते दोन फोनवर उघडून दोन्हीकडून दाबू नका. कार्ट एकमेकांवर आदळते. आणि ‘संपला’ दिसले की लगेच उठू नका. ज्यांचे पैसे अडले त्यांचे नग पुन्हा विक्रीला सुटतात, म्हणून पुढची पंधरा-वीस मिनिटे महत्त्वाची.

कापलेल्या पैशांचे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून पैसे गेले पण विक्रेत्याकडे पोचल्याचे निश्चित झाले नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे, आणि तीही न मागता. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) लिहून ठेवा, बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून जो नंबर येईल तो फिरवू नका. ‘रिफंड देतो, ॲप डाउनलोड करा’ म्हणणारे तिथेच दबा धरून असतात.

ऑर्डर पडली आणि नंतर विक्रेत्याने रद्द केली, तर प्रश्न बँकेचा नाही, साइटचा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्काचा तपशील साइटवर देणे बंधनकारक आहे. तळाशी बारीक अक्षरात असते, शोधा.

प्रश्न : कव्हर, ग्लास आणि दोन वर्षांचा प्रोटेक्शन प्लॅन मिळून ३,४०० रुपयांचं घेतलं तरच फोन देणार म्हणाले. हे चालतं का? (अशोक चौक)

उत्तर : चालत नाही. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल, याला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४१) मध्ये प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हटले आहे.

दुकानदाराचीही एक बाजू आहे, ती माहीत असलेली बरी. खपणाऱ्या मॉडेलचे पाच पीस हवेत तर न खपणाऱ्या मॉडेलचे तीन उचला, असा दबाव त्याच्यावर वरून असतो. नव्या फोनवर त्याला सुटते थोडे, कव्हर-ग्लासवर भरपूर. म्हणून तो वसुली तुमच्याकडून करू पाहतो. हे समजून घ्यावे, सोसू नये.

वाद न घालता म्हणा, ‘ठीक आहे, बिलावर तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा आणि फोनसोबत घेणं सक्तीचं आहे असंही लिहून द्या.’ दुसरे वाक्य कोणी लिहून देत नाही. तिथे सौदा बहुतेकदा कव्हर-ग्लासवर येतो, प्लॅन गळून पडतो. प्लॅन घेऊन झाला असेल तर तो तुमच्या आयएमईआय क्रमांकावर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) नोंदवला गेला का, ते मेसेज किंवा ईमेलवरून तपासा. नोंदच न झालेला प्लॅन हा सर्रास आढळणारा प्रकार आहे आणि तो स्क्रीन फुटल्यावरच उघडकीस येतो.

प्रश्न : ऑनलाइन २७,९९९ ला आहे, इथे दुकानदार २९,५०० सांगतो. टंचाई आहे म्हणून जास्त घेणं बेकायदा ना? (बार्शी)

उत्तर : खोक्यावरची एमआरपी आधी वाचा. मोबाईलच्या खोक्यावर छापलेली किंमत अनेकदा लाँचच्या विक्री किमतीपेक्षा बरीच जास्त असते. एमआरपी ३२,९९९ छापली असेल तर २९,५०० मागणे तुम्हाला खुपेल, पण बेकायदा नाही. छापील किमतीच्या वर एक रुपया मागितला तर मात्र तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करा. ‘जीएसटी वेगळा’ हेही चालत नाही. मोबाईलवरचा १८ टक्के जीएसटी एमआरपीत धरलेलाच असतो.

प्रश्न : ओळखीचा एक जण पुण्याहून सील पॅक आणून देतो, अडीच हजार जास्त. बिल दुसऱ्याच्या नावाचं. घ्यावा का? (विजापूर रोड)

उत्तर : आमचा सल्ला नको असाच आहे. तरी घेणारच असाल तर पैसे हातातून सोडण्याआधी एवढे बघा.

सीलवर विश्वास ठेवू नका. प्लास्टिक पुन्हा चढवायला साधे गरम हवेचे यंत्र पुरते. खोका समोर उघडा, फोन सुरू करा, *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय क्रमांक येतात, ते खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, किंवा संचार साथी ॲपवर तपासा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येते. मॉडेल भलतेच आले, क्रमांक ब्लॅकलिस्टेड आहे किंवा आधीच वापरात आहे असे आले, तर तिथूनच उठा.

बिल दुसऱ्याच्या नावाचे असणे वॉरंटीला सहसा आड येत नाही, वॉरंटी फोनबरोबर जाते. खरा धोका हप्त्यांचा. तो फोन कोणी फायनान्सवर उचलून तुम्हाला विकला आणि हप्ते थकवले, तर काय? थकबाकीदाराचा फोन लॉक करणारे ॲप काही फायनान्स कंपन्या टाकत आल्या आहेत. बिलावर ‘हायपोथिकेशन’ (कर्जासाठी तारण) किंवा फायनान्स कंपनीचे नाव दिसले तर नाद सोडा. बिलाची झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो दाखवून ‘मूळ नंतर देतो’ म्हणणाऱ्याचाही.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल, अबाउट इथे मॉडेल नंबर बघा. भारतातल्या फोनला शेवटी एचएन/ए असते. एलएल/ए म्हणजे अमेरिकेतला. आयफोन १४ पासून तिथल्या फोनला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम चालते. जे/ए म्हणजे जपानचा. मॉडेल नंबरचे पहिले अक्षर एम असेल तर नवा, एफ असेल तर दुरुस्त करून विकलेला, एन असेल तर तक्रारीत बदलून दिलेला. सीरियल नंबर अ‍ॅपलच्या कव्हरेज तपासण्याच्या पानावर टाकला की वॉरंटी किती उरली ते दिसते. ‘कालच आणलाय’ म्हणणाऱ्याच्या फोनची वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली दिसली, तर तो सील पॅक कसला?

प्रश्न : त्यापेक्षा सरळ पुण्याला जाऊन घ्यावा का? (रेल्वे लाइन्स)

उत्तर : स्टोअरचे पिकअप आधी ऑनलाइन बुक झाले असेल, तरच सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडा. कोरेगाव पार्कात सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅपलचे स्वतःचे स्टोअर आहे, तिथे वेळ ठरवून फोन घेता येतो. मूळ ओळखपत्र आणि ऑर्डरचा मेल जवळ ठेवा. नुसते ‘तिकडे असेल’ म्हणून अडीचशे किलोमीटर जाऊ नका. इतर कंपन्यांचे बघायचे तर पहिला लॉट संपल्यावर पुढचे दोन-तीन लॉट लवकर येतात, आणि लाँचच्या ऑफरची मुदत बहुतेकदा तोवर वाढवली जाते.

प्रश्न : ‘नो कॉस्ट ईएमआयवालाच पीस आहे’ म्हणतात. व्याज नसेल तर घ्यायला हरकत काय? (मंगळवार पेठ)

उत्तर : व्याज असते, तेवढी सूट किमतीत दाखवलेली असते. ३०,००० चा फोन, ६ हप्ते, दर १५ टक्के धरा. हप्ता ५,००० चा येतो. प्रत्यक्ष कर्ज सुमारे २८,७३० चे, व्याज सुमारे १,२७०. क्रेडिट कार्डावर या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २२८ रुपये, तो तुमच्या खिशातून. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावर आणखी ३६. एकूण ४६० च्या आसपास. रोख घेणाऱ्याला जी बँकेची सूट मिळते ती यात मिळते का, तेवढे विचारा. ती जात असेल तर ‘नो कॉस्ट’चा खर्च काही हजारांवर जातो.

प्रश्न : नशिबाने फोन मिळाला, तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर हिरवी रेघ. दुकानदार म्हणतो, ‘बदलून द्यायला पीसच नाही, महिनाभर थांबा.’ (मोहोळ)

उत्तर : टंचाईतला हा सर्वांत वाईट प्रसंग आणि यात वेळ घालवणे सर्वांत महाग पडते. अनेक कंपन्यांत नवा फोन सदोष निघाला तर बदलून द्यायची मुदत अवघी ७ दिवसांची असते, काहींची १०. ती बिलाच्या तारखेपासून मोजतात. दुकानात चकरा मारण्यात ती संपली की फोन ‘दुरुस्ती’च्या रांगेत जातो.

आजच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. मोहोळहून सोलापूरला यावे लागेल. सोबत फोन, खोका, चार्जर, केबल, बिल. खोका फाडून टाकला असेल तर बदलून देताना नेमके तेच कारण पुढे करतात. तिथे तंत्रज्ञ तपासणी करून जॉबशीट, म्हणजे तपासणीच्या नोंदीचा कागद, बनवतो. त्यात दोषाचे वर्णन, तारीख आणि आयएमईआय बरोबर लिहिले आहे का, ते उभ्या उभ्या वाचा. ‘ग्राहक म्हणतो रेघ दिसते’ आणि ‘डिस्प्लेवर हिरवी उभी रेघ, बाहेरून मार नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘बाहेरून मार नाही’ हे शब्द आग्रहाने लिहून घ्या. दोष मान्य झाला तर ते डीओए प्रमाणपत्र देतात. सदोष निघालेल्या नव्या फोनसाठीचे प्रमाणपत्र. बाजारात त्याला ‘डीओए’च म्हणतात. दुरुस्तीला फोन आत ठेवायला लगेच होकार देऊ नका. एकदा स्क्रीन बदलली की अदलाबदलीचा हक्क सहसा संपतो.

प्रमाणपत्र घेऊन दुकानदाराला लेखी कळवा : बदली नग किंवा पूर्ण परतावा. पीस नसणे ही त्याची अडचण. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हे कलम २(४७) नुसार अनुचित व्यापार प्रथेत मोडते. तेवढ्याच किमतीचे दुसरे मॉडेल घ्यायचे की नाही, ते तुम्ही ठरवायचे. हप्त्यांवर घेतला असेल तर परताव्याबरोबर कर्जही बंद झाल्याचे पत्र फायनान्स कंपनीकडून मागा. फोन परत गेला आणि हप्ता चालूच राहिला, असे प्रकार होतात. आणि फोन परत देण्याआधी बॅकअप घ्या, गुगल किंवा अ‍ॅपल खात्यातून तो काढून टाका. खाते तसेच राहिले तर दुकानदार नग कंपनीकडे परत पाठवू शकत नाही आणि तुमचा परतावा तेवढ्याच कारणाने अडतो.